हाडांची काडं झालेल्या रुग्णाला कातडीखालचं इंजेक्शन देताना

इन्सुलिन कसं टोचायचं हे शिकवताना भिंतीवरच्या चित्रात चांगलं भरलेलं पोट दाखवलेलं असतं. घरी खाटेवर असते ती अडतीस किलोची आजी, नाहीतर टीबीने खंगलेला किंवा केमोने वाळलेला माणूस. पोटावर हात ठेवला की आधी सैल कातडी लागते आणि तिच्याखाली थेट कडक स्नायू. चित्राप्रमाणे सुई सरळ खुपसली तर ती चरबीत थांबतच नाही. सोलापुरात सिव्हिलमधून किंवा बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमधून घरी आणलेल्या अशा रुग्णाला रोजची सुई मुलगी, सून किंवा नातूच देतो. ही माहिती त्यांच्यासाठी आहे आणि वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठीही. औषध कोणतं आणि डोस किती हे डॉक्टर ठरवतील. सुई कुठे आणि किती खोल जाते हे मात्र देणाऱ्याच्या हातात असतं, आणि खंगलेल्या रुग्णात सगळी चूक तिथेच होते.

माणूस जाड असो की काटकुळा, इंजेक्शनच्या जागी कातडी साधारण २ मिलिमीटर जाड असते. हा आकडा माणसागणिक फारसा बदलत नाही. बदलतो तो तिच्याखालचा चरबीचा थर. खंगलेल्या माणसाच्या दंडावर किंवा मांडीवर तो जेमतेम काही मिलिमीटर उरतो. अशा ठिकाणी ८ मिलिमीटरची सुई सरळ घातली की टोक स्नायूत जातं. स्नायूत रक्त जास्त खेळतं, त्यामुळे इन्सुलिन भराभर शोषलं जातं. साखर अचानक कोसळते आणि पुढे औषध लवकर संपल्यामुळे चढते. रक्त पातळ करणारं हेपॅरिन स्नायूत गेलं तर आत रक्त साचून दुखरी गाठ होते. उलट सुई फारच वरवर राहिली तर औषध कातडीतच अडकतं, पांढरट फुगा येतो, आग होते आणि औषध बाहेर झिरपतं. आपल्याला या दोन्हींच्या मधला पातळ थर गाठायचा आहे.

सुई विकत घेतानाच अर्धं काम होतं

बारीक रुग्णासाठी आखूड सुई घ्या, हा आमचा पहिला आणि सगळ्यात मोठा आग्रह. इन्सुलिनच्या पेनवर बसणाऱ्या सुया ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटरच्या मिळतात. मेडिकलवाल्याकडे नुसती ‘पेनची सुई’ मागितली की हाताला येईल ती मिळते, म्हणून ‘४ मिलिमीटर’ असं स्पष्ट सांगा आणि डबीवरचा आकडा वाचूनच पैसे द्या. ४ मिलिमीटरची सुई सरळ म्हणजे ९० अंशात द्यायची असते, आणि अगदी बारीक माणसाला कातडी चिमटीत उचलून. ‘माणूस बारीक आहे, म्हणून तिरकी देतो’ असं या सुईच्या बाबतीत करू नका. ४५ अंशात तिरकी केली तर ४ मिलिमीटरची सुई जेमतेम २.८ मिलिमीटर खोल जाते, म्हणजे कातडी ओलांडते न ओलांडते. औषध गळण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

बाटलीतून सिरिंजने इन्सुलिन देत असाल तर ६ मिलिमीटर सुईची सिरिंज मागा. ती चिमटीत ४५ अंशात दिली की टोक साधारण ४.२ मिलिमीटरवर राहतं. ८ मिलिमीटरची सुई तशीच दिली तर ५.७ मिलिमीटरवर जाते. खंगलेल्या माणसाच्या पोटावरच्या चिमटीत हेही निभावतं, दंडावर निभावत नाही. १२.७ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या इंचाची सुई तिरकी देऊनही ९ मिलिमीटर आत जाते. अशा रुग्णाला इन्सुलिन देण्यासाठी ती घरात ठेवूच नका.

सिरिंजच्या टोपणाचा रंग लांबीइतकाच महत्त्वाचा. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे बाटल्या बहुधा ४० च्या असतात आणि पेनची कार्ट्रिज, म्हणजे पेनमध्ये बसणारी औषधाची कुपी, १०० ची. सुया संपल्या म्हणून पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर प्रत्यक्षात ५० युनिट येतात. अडतीस किलोच्या माणसाच्या जिवावर बेतायला एवढं पुरेसं आहे. उलटी अदलाबदल झाली, म्हणजे ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर फक्त ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही हे कुणाला कळत नाही. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दर वेळी जुळवून बघा, नवी बाटली उघडताना तर नक्कीच.

जागा

खंगलेल्या माणसातही बहुधा पोटावर थोडी चरबी शिल्लक असते. बेंबीपासून दोन बोटं सोडून दोन्ही बाजूंची जागा घ्या. बरगडीच्या काठाजवळ आणि कमरेच्या पुढे आलेल्या हाडाजवळ जाऊ नका, तिथे कातडी थेट हाडावर असते. पोटात पाणी झालेलं असेल, नळी घातलेली असेल, हर्निया किंवा ताजं ऑपरेशन असेल तर पोट सोडून द्या.

कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग लोक विसरतात. शेवटपर्यंत चरबी टिकणाऱ्या जागांपैकी ती एक आहे, आणि ४ मिलिमीटरच्या सुईला तिथे बऱ्याचदा चिमटीचीही गरज लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर वळवा, पाठीमागे सोलापुरी चादरीची गुंडाळी लावा म्हणजे तो परत उलटत नाही, आणि मग हात लावून चरबी शोधा. सतत एका कुशीवर झोपून तिथे लाल चट्टा किंवा जखम झाली असेल तर मात्र ती बाजू वर्ज्य.

मांडी घ्यायची तर मधल्या तिसऱ्या भागात, पुढून थोडी बाहेरच्या अंगाला. गुडघ्याकडे किंवा आतल्या बाजूला नको. दंड शेवटचा पर्याय. बारीक माणसाच्या दंडावर स्नायू अगदी वर असतो, आणि स्वतः टोचून घेणाऱ्याला एका हाताने चिमटीही धरता येत नाही.

रोज एकाच जागी टोचलं की तिथे कातडीखाली रबरासारखी मऊ गाठ तयार होते. बारीक माणसात ती डोळ्यांनाही दिसते. दुखत नाही म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते, आणि घरच्यांनाही ‘इथे मांस आहे’ असं वाटून बरं वाटतं. त्या गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी अर्धवट शोषलं जातं. म्हणून पोटाचे चार भाग कल्पा, आठवडाभर एक भाग वापरा, आणि त्यातही दर वेळी मागच्या टोचणीपासून किमान एक बोट सरका. बारीक पोटावर जागा लवकर संपते. तेव्हा पोट, दोन्ही मांड्या आणि दोन्ही कुल्ले यांचा फेरा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेपुढे ‘पो. डा.’, ‘मां. उ.’ असं लिहून ठेवा. गाठ सोडून चांगल्या कातडीवर येताना आधी डॉक्टरांना सांगा. तेच युनिट आता पुरते शोषले जाणार, साखर खाली जाऊ शकते, आणि डोस कमी करावा लागू शकतो.

चिमटी

इथे वेळ द्या. म्हाताऱ्या, वाळलेल्या माणसाची कातडी सैल लोंबते आणि उचलली की भरपूर वर येते. पण सुरकुतलेली कातडी म्हणजे चरबी नव्हे. त्या उंच घडीत कातडीचे दोन पदर एकमेकांना चिकटलेले असतात आणि मध्ये फारसं काही नसतं. अशा घडीच्या टोकावर सुई घातली तर ती दुसऱ्या बाजूने बाहेर येते, प्रसंगी तुमच्याच बोटात जाते. म्हणून नुसती उंच कातडी ओढू नका. अंगठा आणि तर्जनी, हवं तर मधलं बोट, एवढ्यांनीच बुडाशी धरा आणि घडी बोटांत हलकेच फिरवून बघा. आत लोण्यासारखं मऊ काही सरकतं आहे का? ती चरबी. नुसता कागद चोळल्यासारखं लागलं तर जागा बदला.

पूर्ण पंजाने मुठीत धरलं तर स्नायूही वर येतो. तो आला की नाही हे ओळखायचं सोपं आहे. रुग्णाला डोकं उशीवरून जरा उचलायला सांगा, म्हणजे पोट ताठ होतं. चिमटीतलं मांस कडक झालं किंवा बोटांतून निसटलं तर स्नायू पकडला गेला होता. सोडा आणि वरवरून परत धरा. बेशुद्ध किंवा सूचना न कळणाऱ्या रुग्णात घडी डावी-उजवीकडे हलवून बघा. फक्त कातडी आणि चरबी असेल तर ती खालच्या थरावरून मोकळी सरकते.

चिमटीत इंचभरच जाडी येत असेल तर लांब सुई ४५ अंशात द्यावी आणि दोन इंच येत असतील तर सरळ, असा नर्सिंगमधला जुना ठोकताळा आहे. तो ८ मिलिमीटर आणि त्याहून लांब सुयांसाठी आजही उपयोगी पडतो. तिरकी देताना सुई घडीच्या लांबीच्या दिशेने घाला, आडवी नको, नाहीतर पलीकडचा पदर फुटतो. चिमटी इतकी घट्टही नको की कातडी पांढरी पडेल. दुखतं, आणि आत गेलेलं औषध परत बाहेर ढकललं जातं.

प्रत्यक्ष देणं

हात साबणाने धुवा. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या घरांत तंबाखूची भुकटी नखांत राहते आणि लूमवर काम करणाऱ्याच्या हाताला तेल असतं. त्यामुळे नुसतं पाणी फिरवून भागत नाही. रुग्णाची कातडी स्वच्छ असेल तर साबण-पाणी पुरे. स्पिरिटचा बोळा फिरवलाच तर ते पूर्ण वाळू द्या, कारण ओलं स्पिरिट सुईबरोबर आत जाऊन चरचरतं. फ्रिजमधलं औषध अर्धा तास आधी बाहेर काढा, गार औषध जास्त ठणकतं. दुधी दिसणारं इन्सुलिन तळहातांत दहा वेळा लाटल्यासारखं फिरवा आणि दहा वेळा वर-खाली उलटवा, सगळं एकसारखं दिसेपर्यंत. जोरात हलवून फेस आणू नका.

पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसतो का बघा. मग चिमटी धरा, सुई एका दमात घाला, दट्ट्या किंवा बटण सावकाश दाबा आणि दहापर्यंत आकडे मोजा. आधी सुई बाहेर, मग चिमटी सोडायची. हा क्रम उलटा झाला, म्हणजे सुई आत असताना बोटं सुटली, तर उचललेली कातडी खाली बसते आणि टोक आपसूक स्नायूत उतरतं. दुसरी लपलेली चूक पेन कातडीत जोराने रुतवण्याची. मऊ पोटात पेन दाबलं की आखूड सुईही खोल पोचते. पेनचं बूड कातडीला टेकलं की बास, खळगा पडता कामा नये.

सुई घातल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायची गरज कातडीखालच्या इंजेक्शनला नसते. बारीक रुग्णात त्या ओढाताणीने सुई हलते आणि इजाच जास्त होते. नंतर चोळायचं नाही, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, आणि कडकडीत आंघोळीनंतर लगेच इन्सुलिन द्यायचं नाही. उष्णतेने आणि चोळण्याने ते जास्त वेगाने शोषलं जातं. म्हाताऱ्यांची कातडी पापुद्र्यासारखी असते. चिकटपट्टी लावू नका, ती काढताना सालडं निघतं. कोरडा बोळा हलकेच टेकवून धरला की पुरतं.

दुखलं का हे विचारा, आणि त्यांच्या भाषेत विचारा. पूर्व भागातली आजी तेलुगूत ‘नोप्पी’ म्हणेल, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये ‘नोवु’. दोन्हींचा अर्थ दुखतंय. आखूड सुई चरबीत गेली तर फारसं दुखत नाही, म्हणून तीव्र कळ आली तर सुई बहुधा खोल किंवा फार वरवर गेली आहे असं धरा.

एका जागी कातडीखाली साधारण १ मिलिलिटरपर्यंत औषध मावतं. खंगलेल्या माणसात अर्ध्या मिलिलिटरलाही ताण जाणवू शकतो. त्याहून जास्त असेल तर ते दोन जागी विभागून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

रक्त पातळ करणारी भरलेली सिरिंज

एनॉक्सापॅरिनच्या तयार सिरिंजला १२.७ मिलिमीटरची सुई कायमची बसवलेली असते, बदलता येत नाही. म्हणून इथे चिमटीवरच सगळी भिस्त. पोटाच्या उजव्या-डाव्या अंगाला, बेंबीपासून किमान ५ सेंटिमीटर दूर, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. औषधाबरोबरची सूचना सुई घडीत सरळ, पूर्ण घालायला सांगते, आणि घडी भरदार असेल तर तसंच करा. घडी इंचभराहून कमी असेल तर सिस्टरकडून कोन एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या. अशा रुग्णात ४५ अंशाचा तिरकेपणा लागतो. पूर्ण डोस द्यायचा असेल तेव्हा सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका. तो काढताना औषधाचे थेंब जातात, आणि शेवटी तोच बुडबुडा सुईतलं उरलेलं औषध पुढे ढकलतो. सावकाश द्या, चिमटी शेवटपर्यंत धरा, आणि नंतर अजिबात चोळू नका. रुपयाएवढा काळा-निळा डाग नेहमीचा. तो पसरत गेला, पोटाची भिंत फुगून दुखू लागली, लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं, तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या औषधाचा डोस बऱ्याचदा वजनावर ठरतो. रुग्ण दाखल होता तेव्हा ५० किलोचा होता आणि आता ४१ चा झाला असेल तर जुनीच चिठ्ठी चालवू नका. ४५ किलोच्या आतल्या बायकांत आणि ५७ किलोच्या आतल्या पुरुषांत ठरावीक डोसनेही रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर तो आणखी वाढतो. दर पंधरा दिवसांनी वजन करा. उभं राहता येत नसेल तर घरच्या माणसाने उचलून घेऊन काट्यावर उभं राहावं आणि मग स्वतःचं वजन वजा करावं.

चुकलं तर

सुई काढल्यावर थेंब गळला तर पुढच्या वेळी जास्त वेळ थांबा, पण गळलेलं भरून काढायला वरून इन्सुलिन कधीच देऊ नका. किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. साखर तपासत राहा. कातडीवर फुगा आला तर सुई वरवर राहिली होती. स्नायूत गेल्याची शंका असेल तर पुढचे काही तास रुग्णाला एकटं सोडू नका, दर तासाला साखर बघा आणि जेवण चुकवू नका.

खंगलेल्या माणसाचं जेवणच बेभरवशाचं असतं. सकाळी भाकरी आणि शेंगाचटणी मागेल, ताट समोर आलं की दोन घास खाऊन तोंड फिरवेल. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून झालं आणि माणूस जेवलाच नाही, असं होऊ देऊ नका. जेवण कमी असेल तेव्हा किती युनिट आणि कधी द्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, असंबद्ध बडबड, गुंगी दिसली तर १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. घरात ग्लुकोजच ठेवा. मधुमेहावरची व्होग्लिबोजसारखी गोळी चालू असेल तर साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. वृद्धांत कधी घामही येत नाही, नुसती गुंगी दिसते आणि घरचे ‘झोपलेत’ म्हणून पांघरूण घालतात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

वेदनेसाठी दिवसातून अनेकदा इंजेक्शन लागणाऱ्या रुग्णाला दर वेळी नवी टोचणी कशाला, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई किंवा कॅन्युला (प्लास्टिकची बारीक नळी) बसवून तिच्यातूनच औषध देता येतं. जागा लाल झाली, सुजली किंवा ओली झाली की ती बदलायची. फारच वाळलेल्या माणसात छातीवर ती बसवणं धोक्याचं, कारण बरगड्यांमधून फुप्फुसाला इजा होऊ शकते. पोट किंवा मांडी बरी. नळी उपटणाऱ्या गोंधळलेल्या रुग्णाला ती पाठीवर, खवाट्याजवळ बसवतात.

ऊन आणि सुया

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून जास्त तापतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरातलं ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा. फ्रिज असेल तर ते मधल्या कप्प्यात किंवा दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. फ्रिज नसेल तर एका मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत ओली वाळू भरा आणि आतल्या मडक्यात झाकणाच्या डबीत बाटली ठेवा. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं काम करतं, पावसाळ्यातल्या दमट हवेत कमी. रिक्षात, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीवर बाटली विसरू नका.

वापरलेल्या सिरिंजच्या सुईवर टोपण परत दाबून बसवताना बोटं टोचली जातात. टोपण लावू नका, तशीच जाड प्लास्टिकच्या फिनेलच्या किंवा डिटर्जंटच्या रिकाम्या बाटलीत टाका. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही, सुई आरपार जाते. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावा, वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये जाता तिथे विचारून त्यांच्या सुयांच्या पांढऱ्या डब्यासाठी द्या. घंटागाडीत सुट्या सुया टाकल्या तर त्या कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसतात.